बाबागाडीतले बटाटे

टॅमसिनने नकाशाची घडी घातली. “नको ती सहल. दर शेताच्या कुंपणाला चढउताराच्या पायऱ्या. बाळाच्या ऑक्सिजनच्या सिलिंडरसकट बाबागाडी कोण उचलणार?” नवऱ्याने नकाशा कपाटात ठेवला. बाळ झाल्यापासून आठ महिने ती दवाखान्यापलीकडे कुठेच गेली नव्हती. सासरे विल्फ्रेड अर्धा चहा टाकून उठले ते दोन दिवसांनी चिखलाने माखून परतले. जुन्या बाबागाडीत बाळाच्या आणि सिलिंडरच्या वजनाचे बटाटे भरून त्यांनी श्रॉपशर परगण्यातल्या, सहलीसाठी ठरवलेल्या गावाभोवतीच्या पायवाटा पालथ्या घातल्या होत्या. “मेंढपाळ गाडीत डोकावून म्हणाला, ‘आजोबा, नात तुमच्यावर गेलीय!’” ते हसले. “ओढ्याकाठची वाट धरा. सगळीकडे फाटक, पायरी एकही नाही. दोनदा जाऊन पाहिलं.” त्यांच्या टाचा सोलवटून निघाल्या होत्या. टॅमसिनने लगेच फोन लावला. “दोन माणसं आणि बाळ ना?” तिकडे मुक्कामासाठी पाहिलेल्या घराच्या मालकिणीने विचारलं. “तीन माणसं. आमचे बाबाही येताहेत.”