उगवण

नळाची तोटी. काही नाही.

रीता सिस्टरचे दोन्ही हात. काही नाही.

खिडकीची कडी, तिला कुणीतरी बांधलेली काळी दोरी. नाही.

दाराचा हिरवा पडदा, ज्याला सगळेच हात पुसतात. त्यावरही नाही.

बाळांचं वजन करायचा काटा.

सहाण.

वाशिमच्या दवाखान्यातला बाळंतिणींचा वॉर्ड, दुपार. प्रयोगशाळेतली अफ्रीन हातात पिवळी पिशवी घेऊन दारात थांबली. या वॉर्डातली बाळं एकामागून एक तापानं फणफणत अतिदक्षतेच्या काचेच्या खोलीत गेली होती. सगळ्यांच्या रक्तात एकच जंतू. औषधांना दाद न देणारा. तो लपतो कुठे, हे शोधत ती आठवडाभर ओल्या कापसाच्या काड्या घेऊन इथे फिरत होती.

"मोठे साहेब म्हन्ते, सिस्टरच्याच हातानं पसरते," टेबलामागून रीता सिस्टर म्हणाली. तिचे तळवे धुवून धुवून भेगाळले होते. "म्या म्हनलं, हाताले कातडी राह्यली असन तं उगवन ना!"

अफ्रीनला हसू आलं नाही. ती सरळ योगिनीच्या खाटेकडे गेली. टाके पिकल्यामुळे योगिनीची सुट्टी लांबली होती. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिची आई रंगूबाई खाली फरशीवर घुटी उगाळत होती. हळकुंड, वेखंड, मुरडशेंग. घुटी देऊ नका अशी पाटी भिंतीवर होती. रीता सिस्टरची पाठ वळली की वॉर्डातल्या बाया बोट पुढे करायच्या आणि रंगूबाई बोटावर घुटी द्यायची.

परवा सगळं पुसून झाल्यावर सहाण तिनंच पुढे केली होती. "हे एकटीच राह्यली. इलेबी पुस."

"उगवलं काय व?" रंगूबाईनं मान वर न करता विचारलं.

शब्द अफ्रीनचाच होता. रोज येऊन ती सांगायची, इथे उगवलं नाही, तिथेही उगवलं नाही. रंगूबाईला तो समजावून द्यावा लागला नव्हता. मृगाआधी ती ओल्या गोणपाटात सोयाबीनचे शंभर दाणे गुंडाळून ठेवायची आणि किती उगवले ते पाहूनच बी पेरायला द्यायची.

अफ्रीन तिच्याजवळ उकिडवी बसली. "उगवलं, आजी."

"शंभरातले कितीक?"

"शंभर."

हळकुंड थोडा वेळ फिरत राहिलं. मग थांबलं.

अफ्रीननं मोबाईलवरचा फोटो दाखवला. काचेची बशी, तिच्यात पांढऱ्या टिकल्या. "टिकली म्हणजे औषध. जंतू मरत असता तर टिकलीभोवती रिकामं दिसलं असतं."

रंगूबाईनं फोन डोळ्यांजवळ नेला. टिकल्यांच्या काठापर्यंत सगळं दाट उगवलं होतं. एकीभोवती तेवढं जरा मोकळं होतं. तेच एक औषध काचेच्या खोलीत चालू होतं.

"हे तं अळीवानी झालं," ती म्हणाली. "फवारा मारा, का नका मारू. आपल्याकडं पाह्यत पाह्यत खात राह्यते."

"हो."

"पन हे माह्या सासूची सहाण. इतल्या लेकरायले पाजलं. कोनाले शिंक आली नाई."

"तुमच्या घरचा नाही हा जंतू, आजी. दवाखान्याचा आहे. इथे आल्यावर दगडात बसला."

"मंग कोनं लावला?"

अफ्रीननं कोपऱ्यातल्या मोरीकडे पाहिलं. नळ तपासला होता. खालची जाळी तपासायची राहिली होती. सहाण रोज त्याच जाळीवर धुतली जायची.

तेवढ्यात स्टीलची वाटी घेऊन कमरुन्निसा आली. कारंज्याची. तिची नात काचेच्या खोलीत होती.

"रंगूबाई, आज जराशी जास्त दे. तिथली सिस्टर जेवाले गेली. बोटावर घेऊन जातो अन् चाटवतो."

"खाला, थांबा," अफ्रीन म्हणाली.

"दवाई चालूच हाय ना, बेटा. दुवा बी चालू हाय. पन पोटाले घुटीच लागते." तिनं वाटी पुढे केली.

योगिनीनं भिंतीकडचं तोंड वळवलं आणि आईकडे पाहिलं.

रंगूबाईनं सहाण उचलली. वरची पिवळी घुटी मनगटावर ओघळली. अफ्रीनच्या पिशवीचं तोंड तिनं स्वतःच उघडलं, दगड आत ठेवला, हळकुंड, वेखंड, मुरडशेंगही टाकली.

"आज नाई, भाभी. सहाण फुटली."

"दगड बी फुटते काय?"

"फुटते."

कमरुन्निसानं पिशवीकडे पाहिलं. प्लॅस्टिकमधून सहाणीचा गोल आकार दिसत होता, अख्खा. ती बराच वेळ पाहत राहिली. मग वाटी पालथी घालून खाटेच्या पायाशी बसली.

रीता सिस्टर बाटली घेऊन आली आणि रंगूबाईच्या तळव्यांवर औषध ओतलं. "चोळा, आजी. बोटायच्या मधातबी."

रंगूबाई चोळत राहिली. हळद निघाली नाही.

सहाण तिनं शिरपूरच्या घरून आणली होती ती योगिनीच्या बाळासाठी. वॉर्डातलं पहिलं दगावलेलं बाळ तेच.