फिजोआची कॉइल

"लिक्विड बदलून काही व्हायचं नाही," नोएल म्हणाला. "तुझी कॉइलच फळाची नाही."

रेक्सने त्याच्या काउंटरवर मांडलेल्या वेपच्या, म्हणजे वाफेच्या सिगारेटच्या, लिक्विडच्या सगळ्या बाटल्या फिजोआच्या, त्या पेरूसारख्या हिरव्या फळाच्या चवीच्या होत्या. नेल्सन गावातलं एकही दुकान त्याने सोडलं नव्हतं, पण एकाही बाटलीने काम झालं नव्हतं.

काम होतं ग्लेनिसचं. त्याची बायको गेल्या हिवाळ्यापासून टेकडीवरच्या वृद्धाश्रमात होती. मुलगी भेटायला गेली की ग्लेनिस तिला नर्स समजे. रेक्सला तर ती कुणीच समजत नसे. जवळ येऊन बसणारा एक सभ्य म्हातारा, एवढंच. ईस्टरनंतर तिने त्याचं नाव घेतलं नव्हतं. चाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाला हे किती लागत असेल, ते कुणी विचारत नव्हतं आणि रेक्स सांगतही नव्हता.

मग फळं पिकायच्या हंगामात कुणीतरी आश्रमात टोपलीभर फिजोआ आणून ठेवले. या दिवसांत गावात ज्याच्या दारात झाड, तो शेजाऱ्यांच्या गळ्यात पिशव्या मारत हिंडतो. ग्लेनिसने एक फळ नाकाशी धरलं आणि बराच वेळ दाराकडे बघत राहिली. "त्याच्या वाफेला असाच वास यायचा," ती म्हणाली. "मुरंबा बुडाला लागल्यासारखा."

टोंगा बेटांवरून आलेल्या सेला नावाच्या नर्सने हे रेक्सला सांगितलं. "अहो रेक्स, वासानं माणसं परत येतात कधी कधी. बागेत ओढायला कुणाची ना नाही. घेऊन या तुमचं ते वेप."

नावाने नाही तर नाही, वासाने तरी आपण तिच्यात शिल्लक आहोत. रेक्सला त्या दिवशी जेवण गेलं.

खरं म्हणजे मासेमारीच्या बोटीवर होता तेव्हा तो पुदिनाच ओढायचा. फिजोआ कधी ओढला, ते काही केल्या आठवेना. पण तेव्हा तो सहा-सहा आठवडे खोल समुद्रात असे, आणि घरी आला की ग्लेनिसने नोएलच्या दुकानातून आणून ठेवलेलं जे असेल ते ओढे. त्यातच असणार. विसरायचा मक्ता काही एकट्या ग्लेनिसने घेतला नव्हता.

"तिला नेमका कसला वास हवाय?" नोएलने विचारलं.

"मुरंबा बुडाला लागल्यासारखा, म्हणाली."

नोएलच्या हातातली पक्कड थांबली. त्याचं दुकान अर्धं मासेमारीच्या सामानाचं, अर्धं वेपचं. ट्राउट मासे पकडायच्या गळावर पिसांच्या खोट्या माशा बांधून बांधून तयार झालेली त्याची बोटं वेपमधलं लिक्विड तापवणारी कॉइल अशी वळत, की धक्क्यावरचे खलाशी दुसऱ्या कुणाची लावत नसत. कुठली तार, किती वेढे, यावरून तो एरवी गिऱ्हाइकाचं डोकं खायचा. आज त्याने काहीच विचारलं नाही. खणातून एक रीळ काढलं आणि बसला.

जाड तारेवर केसासारखी बारीक तार गुंडाळलेली होती. "या खाचांत रस थांबतो," तो म्हणाला. "तुझ्या त्या कारखान्यातल्या कॉइलमधून नुसता उडून जातो." सळईवर त्याने वेढे घेतले, कॉइल तापवून लाल केली, चिमट्याने वेढे एकमेकांशी बसवले. मग आतून कापूस ओढला आणि त्याचं एक टोक जरा जास्तच कातरलं.

"एका बाजूला कमी पडला की," रेक्स म्हणाला. एवढं त्यालाही कळत होतं. "जळेल तिथे."

"जळू दे. करपट वास तिथूनच येतो." नोएल मान खाली घालून बोलत होता. "नवा होतो तेव्हा हात चुकायचा माझा. मग तीच चव आवडायला लागली."

"मग मला दिली असशील कधी अशी."

"असेल दिली."

"चल की तूपण. ती सारखी यायची तुझ्याकडे. एखादवेळी ओळखेल लेका तुला."

"नको रे. दुकान टाकून कुठे येऊ?" नोएलने वेप त्याच्या हातात दिलं. "हलकंच तापव. फळाला जास्त आच सोसत नाही." दारापर्यंत तो सोबत आला. "काय म्हणाली ते सांग मला," असंही म्हणाला.

ग्लेनिस बागेतल्या बाकावर गुडघ्यांवर शाल घेऊन बसली होती. खाली बंदर दिसत होतं.

"बसा ना," ती रेक्सला म्हणाली. "इथे ऊन छान येतं."

तो बसला. लग्नाआधी पहिल्यांदा तिला भेटायला गेला होता, तेव्हाही त्याला इतकी धाकधूक नव्हती. एकदाच, फक्त एकदा तिने आपल्याला ओळखावं, पुढे काही का होईना. त्याने बटण दाबलं आणि वाफ तिच्या बाजूला हळूच सोडली. गोड, आंबूस, आणि पाठोपाठ करपल्याची किंचित झाक.

ग्लेनिसने डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांत चमक होती. तिने त्याचा हात ओढून आपल्या गालाला लावला.

"आलास?"

तिचं अहोजाहो सुटलं होतं.

"आलो गं."

ती हसली. मग बंदराकडे पाहून दचकली आणि त्याच्या कानाशी येऊन कुजबुजली, "दुकान कुणावर टाकून आलास? आणि आजच कशाला? रेक्सची बोट संध्याकाळी लागणार आहे."