ऐनाचं गाऱ्हाणं

"काकू, नुसतंच गाऱ्हाणं किती दिवस घालणार? आता झाडच उत्तर देईल!" म्हणत वनरक्षक गोठणकरांनी देवराईतल्या ऐनाला बसवलेलं यंत्र सुरू केलं.

नेमाच्या प्रदक्षिणा संपवून द्वारकाकाकूंनी हात जोडले. "आई वनदेवी, नातीचा ताप उतरू दे गं."

यंत्र खरखरलं. "आलीस? रोज पाणी घालतेस, भोवती फिरतेस, म्हणून तुलाच देवी मानलंय मी. पायाशी उगवलेलं माझं लेकरू वाळत चाललंय. वाचव त्याला."

काकू गोंधळल्या. गोठणकरांकडे पाहिलं, तर तेही टोपी काढून उभे. आता नातीसाठी साकडं घालायचं तरी कोणाला?

"बघते हं, बाळा," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

देवीही इतकी वर्षं असंच म्हणत आली असेल का, त्यांना काही कळेना.