वगळलेले आकडे

प्रणिताचं उत्तर तिसऱ्यांदाही चार पूर्णांक दोन आलं. सरकारी अहवालात मात्र पिंपळझरीच्या विहिरीतलं फ्लोराइड एक पूर्णांक एक होतं. दीडच्या मर्यादेच्या आत, म्हणजे पाणी खुशाल प्या.

विद्यापीठातल्या पोरांनी मूळ आकड्यांवरून तेच उत्तर काढून दाखवल्याशिवाय कुठलाही अहवाल आता खरा धरत नसत. डेटा सायन्सच्या वर्गाला तोच गृहपाठ असे.

"साहेबांनी लबाडी केली असणार," शेजारचा तौफिक म्हणाला. "प्रोग्रॅममधली ती ओळ शोध. प्रत्येक ओळीला लिहिणाऱ्याचं नाव असतंच नं."

ओळ सापडली. तीनच्या वरचे सगळे आकडे मीटरचा बिघाड म्हणून वगळले होते. कोण हा शहाणा, म्हणून तिनं नाव उघडलं.

प्रणिता मेश्राम, प्रथम वर्ष.

दुसऱ्याच गावाच्या आकड्यांवर केलेला तिचा जुना सराव पाणीपुरवठा खात्यानं डोळे मिटून उचलला होता.

"मेलो!" तौफिक कुजबुजला. "चुकीची ओळ ज्याची, त्याचं वर्ष जातं. जुळलं म्हणून टाक. कोण बघतंय?"

"आकड्यांसोबत गावातले फोटो आहेत. त्या पाण्यानं डागाळलेले पोरांचे दात बघ आधी."

तौफिकनं बघितले. मग त्यानं कीबोर्ड तिच्यापुढे सरकवला.

तिनं 'जुळत नाही' दाबलं. अहवाल तिथल्या तिथे रद्द झाला आणि पडद्यावर तिच्यासाठी प्रश्न आला: हे आकडे तुम्ही का वगळलेत?

तिनं खरं तेच लिहिलं. 'असलं पाणी माणसं पीत असतील, असं मला वाटलंच नव्हतं.'