कापडी की रेक्झिन

खैरेशेठने गाडीचं मागचं दार उघडून धरलं आणि राही अवघडत आत बसली. तिला सातवा महिना लागला होता.

"रेलून बसा, ताई," शेठ म्हणाला. "असलं मऊ रेक्झिन नव्या गाडीला पण न्हाय मिळायचं. आताच चढवलंय. पोरगं दूध सांडू दे, ओकू दे, फडकं मारलं की झालं."

माणगावच्या बाहेर, हायवेला लागून शेठचं जुन्या गाड्यांचं आवार होतं. राहीच्या नवऱ्याने, सिद्धेशने, दोन गाड्या पसंत केल्या होत्या. एक ही पांढरी. दुसरी राखाडी, तिला मूळचं कापड होतं आणि पुढच्या सीटवर चहाचा डाग. दोन्हींचं मॉडेल एकच, वर्षही एकच. सिद्धेशचं मन पांढरीवर बसलं होतं. तो स्टिअरिंग धरून आरशातून मागे बघत होता.

"उन्हात चटका बसतो पण रेक्झिनचा," तो उगाच म्हणाला.

"त्याला टॉवेल टाकायचा. तुम्ही चौलची माणसं, साहेब. तिथल्या खाऱ्या हवेत कापड ओलं झालं की दिवाळीपर्यंत वाळत न्हाय. डोळे झाकून रेक्झिन घ्या."

राहीला गाडीत बसल्याबरोबर आधी आरशाला टांगलेल्या लिंबाच्या सेंटचा वास आला होता. मग कोऱ्या रेक्झिनचा. गाडी सकाळपासून उन्हात तापली होती, आणि त्या दोन्ही वासांच्या खालून तिसराच एक वास हळूहळू वर येत होता. ती वाकली आणि शिवणीजवळ नाक नेलं.

"अहो, वास येतोय याला."

"नव्याचा येणारच."

"नव्याचा नाही."

सिद्धेश शेठकडे बघून हसला. "हिला सध्या सगळ्याचाच वास येतो. आई आमची सुकट भाजायला अंगणात जाते."

सीट आणि पाठ यांच्या फटीत राहीने हात घातला. मनगटापर्यंत आत सारला, चाचपलं आणि बाहेर काढला. बोटांना बारीक पूड लागली होती. रस्त्याची धूळ अशी नसते, शेतातली मातीही नसते. ती पिठासारखी मऊ होती. साचलेलं पाणी निघून गेल्यावर मागे राहते, तशी.

"शेठ, पाणी कुठवर होतं?"

"कसलं पाणी?"

"गाडीत."

"गाडी अलिबागची हाय, ताई. एक डॉक्टर वापरायचे."

राहीने हात पुढे केला. "माझं माहेर महाडजवळचं. सावित्रीच्या काठाला."

शेठने तिच्या बोटांकडे पाहिलं, मग हायवेकडे. एक टँकर जाईपर्यंत तो थांबला.

"स्टिअरिंग बुडालं होतं," तो हळूच म्हणाला. "पण इंजिन पूर्ण खोलून केलंय. त्यात खोट न्हाय."

सिद्धेश खाली उतरला. "म्हणून रेक्झिन चढवलंत होय?"

मग मागच्या दाराकडे वळून तो म्हणाला, "चल राही. उतर."

ती उतरली नाही. तिने हात ओच्याला पुसला नव्हता. मांडीवर उताणा ठेवला होता, हातावरचं काही सांडेल असा.

सावित्रीच्या पुराबद्दल ती सिद्धेशशी कधी बोलली नव्हती. तेव्हा त्यांचं लग्न व्हायचं होतं. त्याला जे माहीत होतं ते राहीच्या आईकडून. तोही कधी विचारायला गेला नव्हता.

"आम्ही माळ्यावर चढलो होतो," राही म्हणाली. "आबा म्हैस सोडून येतो म्हणून खाली उतरले. सकाळी म्हैस परत आली."

सिद्धेश दारावर हात ठेवून उभा राहिला.

"त्यांना आणलं ना, तेव्हा त्यांच्या सदऱ्याला हाच वास होता. नंतर घर धुतलं, रंग काढला. दादाने अंथरुणं जाळली. आता तिकडं कुठं येत न्हाय." तिने बोटांकडे पाहिलं. "आणि त्याच्या आधीचा, त्यांच्या अंगाचा, तो मला आठवतच न्हाय. तंबाखूचा असायचा. म्हणजे, असणार."

शेठने डोक्यावरची टोपी काढून परत घातली.

सिद्धेशने दारावरचा हात तसाच ठेवला. मग तो शेठकडे न बघता म्हणाला, "राखाडीची चावी आणा. कापडाचीच घेऊ."

"आणतो. डाग धुऊन देतो साहेब, त्याचं काही न्हाय."

"नका धुऊ. राहू दे."

शेठ ऑफिसकडे गेला. सिद्धेशने हात पुढे केला, पण राही सीटवर आणखी आत सरकली.

"तुम्ही चालवून बघा ती. मी बसते इथं."

"या उन्हात?"

"जरासं."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि तो राखाडी गाडीकडे निघाला. राहीने दार ओढून घेतलं. मान मागे टाकून, डोळे मिटून ती बसली. रेक्झिन पाठीला भाजत होतं.

चावी घेऊन येताना शेठ खिडकीशी थबकला. "ताई, काच अशीच उघडी असू द्या हां. न्हायतर तो वास आतल्या आत कोंडतो."

राहीने डोळे उघडले नाहीत. हाताने चाचपत तिने दारावरचा काचेचा दांडा शोधला आणि काच पुरती बंद होईपर्यंत फिरवला.