हद्दीचा दगड

वर्षातून एकदा गवताळ टेकडी चढून माथ्यावरच्या हद्दीच्या दगडाला पांढरा रंग द्यायचा, हे माझं सरकारी काम. पहिल्या वर्षी इमानाने चढलो आणि कोऱ्या दगडाला पहिला हात दिला. पुढची सात वर्षं पायथ्याच्या टपरीवर अंधार पडेपर्यंत पत्ते कुटले, रंग ओढ्यात ओतला आणि ‘काम पूर्ण’ लिहून सही ठोकली.

निवृत्तीला महिना उरला, तेव्हा लाज वाटली. जनाची नाही, मनाची. कारण जनाला कधी कळलंच नव्हतं.

आज भल्या सकाळी रंगाचा डबा घेऊन एकटाच चढलो. वर चिटपाखरू नव्हतं. कमरेएवढ्या गवतातून एका माणसापुरती मळलेली वाट थेट दगडापर्यंत गेली होती.

दगड पांढराशुभ्र होता. एका कडेला रंगाचा पोपडा सुटला होता. मी नखाने थर मोजले. आठ भरले.

डबा उघडायचा धीर झाला नाही. तसाच खाली उतरलो आणि दुपारीच घर गाठलं.

बायको रॉकेलचा बोळा घेऊन दारातच उभी होती. माझे हात उलटेसुलटे करून म्हणाली, “हे काय, हात स्वच्छ? यंदा गेला नाहीत वाटतं?”

“म्हणजे?”

“अहो, दरवर्षी भर दुपारी पांढरे हात घेऊन येता ना! मी पुसून देते. तुम्ही एवढंच विचारता, ‘तो आला का?’ आणि मान खाली घालून परत टेकडीकडे निघता.”