तिसऱ्या मजल्यावरचा स्टिरिओ

"आवाज फाटतोय," आप्पासाहेबांनी दारातच सांगून टाकलं. "वरच्या पट्टीत तर पत्रा वाजल्यासारखा."

द्वारकाबाईंनी दार अर्धंच उघडलं होतं. "आपल्याला त्रास आवाजाचा होतोय की वाईट आवाजाचा?"

"वाईट आवाजाचा."

"मग ठीक आहे. बरेच दिवस बंद होतं, सुधारेल." आणि दार लागलं.

नारायण पेठेतल्या त्या इमारतीत दुपारी दोन ते चार जिन्यात कुणी चप्पलही वाजवत नसे. द्वारकाबाईंनी नेमकी तीच वेळ धरली होती. हिंजवडीला कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या त्यांच्या लेकीनं, चैतालीनं, दिवाळीत आईला स्टिरिओ घेऊन दिला. खोकी तिसऱ्या मजल्यावर चढली तेव्हा अख्खी इमारत दारात उभी होती. पुढे लेक बंगलोरला बदलून गेली आणि वर रोज दुपारी गाणं सुरू झालं.

यजमान होते तोवर त्या घरातून कुकरच्या शिट्टीखेरीज काही ऐकू येत नसे. त्यांना रेडिओ चालत नसे, पाहुण्यांचं हसणं चालत नसे. दुपारची झोप तर देवपूजेसारखी. ते गेले आणि वर्षाच्या आत हा प्रकार. लोकांनी नाकं मुरडली.

खालच्या मजल्यावरच्या आप्पासाहेबांचं दुखणं वेगळं होतं. आपल्यासारखा कान पुण्यात दुसऱ्या कुणाला नाही अशी त्यांची खात्री होती. अशी खात्री असलेले पुण्यात पुष्कळ आहेत, पण ते असो. यंत्र इतकं महागाचं आणि आवाज असा, हे त्यांना सहन होईना. आठवड्यानं ते पुन्हा वर गेले.

"स्पीकर भिंतीला चिकटलेत का?"

"हो."

"पुढे ओढा. खाली सतरंजी घाला, खिडकीला जाड पडदे लावा. आणि सुरुवातीलाच मोठ्यानं नको. यंत्र तापायला वेळ लागतो."

"तेवढं मात्र खरं," द्वारकाबाई म्हणाल्या.

अर्ध्या दारातून आप्पासाहेबांना दोन उंच स्पीकर दिसले. त्यांवर सोलापुरी चादर, चादरीवर मनीप्लांटची बाटली.

"ती चादर काढा आधी!"

"धूळ बसते."

चादर काही निघाली नाही, पण आवाज खरंच सुधारला. दिवसेंदिवस सुधारत गेला. आधी हलक्या आवाजात, मग मोकळा. खर्ज भरला, वरचा सूर टोचेनासा झाला. भीमपलास असायचा, अगदी दुपारच्या वेळेचा. एकच खोड उरली होती. एका अवघड तानेशी गाणं अडायचं आणि तीच जागा पुन्हा पुन्हा वाजायची.

"सीडीवर चरा आहे," आप्पासाहेबांनी निदान केलं आणि पुसायला मऊ फडकं नेऊन दिलं. "बाकी कोणाची हो ही रेकॉर्ड? मी दोन सुरांत गायक ओळखतो, पण ही बाई ओळखू येत नाही."

"जुनी आहे. बाजारात नाही मिळायची."

आप्पासाहेब जिन्यात भेटेल त्याला सांगू लागले, "वरचा स्टिरिओ मी लावून दिला." त्यांची बायको उल्का हे ऐकून तोंडाला पदर लावायची. दर गुरुवारी पेठेतली वीज दिवसभर जायची. पंखा नाही, रेकॉर्ड नाही, म्हणून आप्पासाहेब त्या दिवशी लोणी काळभोरला बहिणीकडे जात. उल्का कधी सोबत जात नसे. तिला म्हणे गुरुवारी दुपारी घरीच बरं वाटे.

शेवटी सेक्रेटरी रंगरावांनी गच्चीवर सभा घेतली. झोपमोड झालेली सगळी मंडळी जमली.

"चाळीस वर्षं ती वेळ दुसऱ्याच्या झोपेची होती," द्वारकाबाई उभ्या राहून म्हणाल्या. "आता ती माझी आहे. मी ती सोडणार नाही. करा काय करायचं ते!"

"पोलीस चौकी लांब नाही, वहिनी," रंगराव म्हणाले आणि त्यांनी ठराव वाचला. "दुपारी दोन ते चार या वेळात रेडिओ, टीव्ही, स्टिरिओ किंवा कुठलंही यंत्र वाजणार नाही."

"पुन्हा वाचा."

रंगरावांनी पुन्हा वाचला.

"मान्य," असं म्हणून द्वारकाबाई खाली निघून गेल्या.

सभा गार पडली. आप्पासाहेबांना फार वाईट वाटलं. इतक्या मेहनतीनं सुधारलेला आवाज, आणि बाईंनी अशी हार मानावी? त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बहीण गावाला गेली होती, म्हणून ते घरीच राहिले. जेवून गॅलरीत चटईवर पडले. दोन वाजले आणि वर भीमपलास सुरू झाला.

आप्पासाहेब ताडकन उठले. कालचं वाईट वाटणं कुठल्या कुठे गेलं. चारचौघांत मान्य म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी स्टिरिओ लावायचा!

"निघालात कुठे?" उल्कानं विचारलं.

"बंद करायला!"

"जा जा. बघाच एकदा वर जाऊन."

आप्पासाहेब तरातरा जिना चढले. आत गाणं त्या अवघड तानेशी आलं होतं, नेहमीसारखं अडलं होतं, पुन्हा त्याच जागेवरून सुरू झालं होतं. त्यांनी घंटीचं बटण दाबलं. घंटी वाजली नाही. पुन्हा दाबलं, नाहीच. तेव्हा त्यांना आठवलं की आज गुरुवार आहे.

बटणावरचं बोट त्यांनी हळूच काढून घेतलं. मग त्यांनी दारावर टकटक केलं.

तान मध्येच तुटली, तंबोरा तेवढा चालू राहिला, आणि त्याच आवाजात आतून उत्तर आलं, "थांबा हो जरा! एवढी जागा बसल्याशिवाय मी दार उघडणार नाही."